कडक खळीचा स्कार्फ

“घट्ट बांध गं, अगदी नाकापर्यंत! उन्हाने आणखी चिडतील त्या पुटकुळ्या.”

चिमणीच्या आईचे हे शब्द माझ्या धाग्याधाग्यात अजून अडकून आहेत. मित्रांनो, मी एक जुना सुती स्कार्फ आहे.

मागावरून उतरलो तेव्हा मी मऊ होतो. रंगाऱ्याने मला फिका निळा रंग दिला, मोकळ्या वाऱ्यावर वाळवलं. मग एका वडिलांनी मला लेकीसाठी आणलं, शाळेत जाताना डोक्यावर घ्यायला. तिची चिवचिव दिवसभर चाले, म्हणून घरी तिला सगळे चिमणी म्हणत. आईचं इस्त्रीचं दुकान होतं. तिच्या हातचं कापड काठीसारखं ताठ उभं राही. तिने मलाही दाट खळ घातली. “काय कडक झालाय गं!” शेजारीण म्हणाली आणि मी फुलून गेलो.

चिमणीला चौदावं लागलं आणि तिच्या कपाळावर, गालांवर मुरुमं आली. “तोंड नीट धूत नसशील,” मावशी म्हणाली. झालं! चिमणी उठता-बसता साबणाने चेहरा घासू लागली आणि मी डोक्यावरून तिच्या तोंडावर उतरलो. घरातसुद्धा. घोटभर पाण्यापुरता तेवढा सरकायचो. तिचा श्वास माझ्यात कोंडे, घाम मुरे. ती मला सोडीना, मला वारा लागेना. रविवारी धुतला जाई, तोही पुन्हा खळीत बुडण्यासाठी. कोणी कोणाला कोंडलं होतं, देव जाणे. हनुवटीखाली माझी गाठ बसे, तिथे तर पुटकुळ्यांची लालभडक रांगच उठली.

“आली डाकूराणी! डबे लपवा रे!” वर्गातली मुलं ओरडत. चिवचिव थांबली.

शाळेच्या नाटकात बाईंनी तिला सूत्रधार निवडलं होतं. तिने घसा बसल्याची थाप मारली. बाई जवळ येऊन म्हणाल्या, “सोमवारी सकाळी पहिली तालीम आहे. मला आवाज तुझाच हवाय. येशील ना?” तिचे ओठ हलले. ‘हो,’ असा शब्द उमटला, पण तो फक्त मलाच कळला.

शनिवारी हनुवटी सुजली, तशी आई तिला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

“लोक म्हणतात, अस्वच्छ राहते,” आई पुटपुटली.

“लोकांना काय जातंय म्हणायला! या वयात शरीर बदलतं, त्वचेला तेल जास्त सुटतं. बहुतेक मुलामुलींना थोडीफार मुरुमं येतातच. घासून, फोडून ती वाढतात. घरात कोणाला होती?”

आई हळूच म्हणाली, “मलाच. तोंडभर.”

“आणि मला सांगितलंही नाहीस?” चिमणीने चमकून विचारलं.

डॉक्टरबाईंनी माझी गाठ सोडली. पुटकुळ्यांची रांग पाहिली, मग मला चिमटीत धरलं. “ही खळ कोणी घातली?”

“मीच. इस्त्रीचा धंदा आहे आमचा. कापड कडक नको का?”

“कापडाला हवी हो, गालाला कशाला? दिवसभर हे घासतंय, वर घाम. इथल्या पुटकुळ्या त्यानेच उठल्यात. मलम देते, पण धीर धरा. गुण यायला काही आठवडे लागतील.”

बाहेर आल्यावर आईने मला पिशवीत टाकलं. “माझीच हौस नडली गं तुला,” ती म्हणाली. चिमणीने तिचा हात धरला.

सोमवारी पहाटे आईने देवापुढे दिवा लावला आणि मला साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाकलं. खळ सुटली. कितीतरी दिवसांनी माझ्यातून वारा गेला.

मित्रांनो, मला डोक्यावर घ्या, उन्हात मिरवा, स्वच्छ धुवा. पण कोणाला चेहरा माझ्यामागे लपवावा लागेल, असं त्याला बोलू नका.

चिमणी बाहेर आली. मुरुमं होती तिथेच होती. तिचा हात सवयीने माझ्याकडे आला, काठाशी थांबला, मागे गेला. तिने दप्तर खांद्याला लावलं, फाटक आवाज न करता उघडलं आणि उघड्या चेहऱ्याने तालमीला निघाली.