कारण नोंदवलेलं नाही

काय काम करतेस असं कुणी विचारलं की हल्ली मी सरळ सांगते, भांडते. एका मालकाच्या ताब्यात नसलेलं समाजमाध्यम उभं करायचं म्हणजे दुसरं काय असतं? कुणी शिक्षकांसाठी सर्व्हर चालवतं, कुणी गिर्यारोहकांसाठी, कुणी नुसती हौस म्हणून घरातल्या कपाटात एक यंत्र ठेवतं. इथे लिहिलेलं तिथे दिसायला हवं असेल तर या सगळ्यांनी काही समान नियम पाळायला हवेत. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात आणि त्यांचा मसुदा माझ्याकडे आहे. पगार नाही. मान असतो म्हणतात, पण त्याची आणि माझी अजून गाठ पडलेली नाही.

आमची सभा एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत भरते. दुकान चालवणाऱ्या बाई आमच्यातल्याच. खोकल्याच्या औषधांची खोकी बाजूला सारून आम्ही बसतो. संगीत शिकवणारे मास्तर इतिवृत्त लिहितात. आणि वकील. तो वकील नाही, दातांच्या दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, पण कुठल्याही मुद्द्यावर उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

गेलं वर्षभर आम्ही एकाच प्रश्नावर अडलो होतो. एखाद्याने दुसऱ्याला ब्लॉक केलं तर ते कुणाकुणाला कळावं? समजा तुम्ही मला ब्लॉक केलंत, आणि मी भलत्याच सर्व्हरवर बसून तुमच्या लिखाणाखाली शेरे मारत राहिले. ते शेरे तुमच्या मैत्रिणींना दाखवायचे नाहीत, हे त्या मैत्रिणींच्या तिसऱ्याच सर्व्हरला कळणार कसं? ब्लॉकची नोंद सगळ्यांना उघड असेल तरच. माझा मुद्दा एवढाच होता. वकील म्हणायचा, नोंद बंद हवी, दोघांच्या दोन सर्व्हरांपुरती. मी म्हणायचे, लपवायचंय कशाला? ज्याला दूर ठेवायचं त्याला उघड दूर ठेवा. वर्षभर मी हेच सगळ्यांच्या गळी उतरवत होते आणि ते जवळजवळ उतरलं होतं. पुढच्या सभेत मतं पडली की संपलं.

त्याआधी एक चाचणी करायची होती. काही सर्व्हरांनी महिनाभर नोंदी उघड्या ठेवायचं कबूल केलं होतं. त्यात निवृत्त परिचारिकांचा एक सर्व्हर होता, मीच गळ घालून मिळवलेला, कारण माझी आई त्यावर असते. आयुष्यभर तिने वॉर्ड सांभाळले. आता तिच्या जुन्या मैत्रिणी तिथे जमून रात्रपाळीच्या गोष्टी सांगतात.

सगळीकडच्या नोंदी गोळा करणारा छोटासा प्रोग्रॅम मी लिहिला. तो नीट चालतो का हे बघायला असं नाव हवं होतं ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे. मी माझंच नाव टाकलं. उत्तर रिकामं यायला हवं होतं.

एक ओळ आली. मला ब्लॉक करणारी व्यक्ती: आई.

मी काय केलं असेल? प्रोग्रॅममधली चूक शोधायला बसले. अख्खी दुपार शोधली. दोन नावांची अदलाबदल झाली असेल म्हणून ओळ न् ओळ तपासली. मग परिचारिकांच्या सर्व्हरची शंका घेतली आणि तो चालवणाऱ्या मेट्रनबाईंच्या जावयाला चार खडे बोल लिहायला घेतले. मग वाटलं, आईचं बोट चुकून लागलं असेल. शेवटी नोंदीची तारीख पाहिली आणि तिथे माझं डोकं थांबलं. ती कंदिलाच्या दुसऱ्या दिवशीची होती.

कंदिलाचं असं झालं. आईची एक आवडती गोष्ट आहे. एका रात्री वॉर्डातली वीज गेली आणि तिने टॉर्चच्या उजेडात एका अडलेल्या बाळंतिणीची सुटका केली. ती तिने सर्व्हरवर लिहिली, मैत्रिणींनी वा वा केलं. खाली मी लिहिलं, "आई, टॉर्च नव्हता, कंदील होता. तूच सांगितलं होतंस." त्यानंतर आईचं काही दिसेनासं झालं. मला वाटलं, हौस फिटली असेल.

त्याआधीचंही आठवत गेलं. "आई, तेव्हा तू त्या वॉर्डात नव्हतीस." "आई, ते डॉक्टर नंतर आले." प्रत्येक वेळी माझंच बरोबर होतं. हे मी आजही सांगेन.

आधी मला राग आला. एका घरात राहतो, सकाळचा चहा समोरासमोर बसून पितो, आणि तोंडावर एक शब्द नाही? रागाने मी भांडी घासली. मग घासता घासता रडू आलं, आणि ते रागापेक्षा बराच वेळ टिकलं. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून हसू ऐकू येत होतं. फोनवर काहीतरी लिहिताना ती अशी हसते, एकटीच, खांदे हलवून. ते हसू ऐकून मला कळलं की ही बाई गप्प झालेली नव्हती. ती फक्त माझ्यापुरती गप्प होती.

जेवताना मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं.

"काय गं, मीठ कमी आहे का?" आई म्हणाली.

"नाही, ठीक आहे."

"मग माशी गिळल्यासारखं तोंड का केलंयस?"

मी पुढचा घास घेतला. विचारलं असतं तर ती ओशाळली असती, ब्लॉक काढला असता आणि पुन्हा कधी त्या गोष्टी लिहिल्या नसत्या. माझी खात्री होती.

आणि माझा नियम मंजूर झाला तर? तिने पोटच्या मुलीला ब्लॉक केलंय, हे मेट्रनबाईंपासून आमच्या चौकस मावशीपर्यंत ज्याला हवं त्याला दिसणार होतं. तिने दार हळूच लोटून घेतलं होतं. मी त्यावर पाटी ठोकायला निघाले होते.

सभेत मी सांगितलं की माझा प्रस्ताव मी मागे घेते. नोंद दोन सर्व्हरांपुरतीच ठेवावी.

वकिलाने चष्मा काढून पुसला. "आज सूर्य कुठून उगवला, ताई?"

"उगवायचा तिथूनच."

"वर्षभर माझं डोकं खाल्लंत."

"खाल्लं. आता मी तुमच्या बाजूने आहे तर आनंद माना की."

"म्हणजे भलत्याच सर्व्हरवरून शेरे मारणारे मोकळे सुटले," दुकानवाल्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या सर्व्हरवर एका मुलीच्या मागे तिचा जुना मित्र हात धुऊन लागला होता, म्हणून त्या पहिल्यापासून माझ्या बाजूने होत्या. "तिला मी काय सांगू?"

ब्लॉक झालेल्याचा स्वतःचा सर्व्हरच त्याचे शेरे अडवेल असा नियम घालता येईल, मी म्हणाले, आणि जो सर्व्हर ऐकणार नाही त्याला बाकीचे तोडतील. "पण गळती राहील. नाही म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. उघडं ठेवलं तर काही जणी उघड्यावर पडतात, बंद ठेवलं तर काही जणी. त्या मुलीसाठी काय करता येईल ते मी स्वतः लिहून आणते."

बाईंनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते मला लागलं.

मास्तरांनी पेन उचललं. "मत बदलणाऱ्याने कारण द्यायचं. इतिवृत्तात लागतं."

लागतं. सगळा कारभार उघडा असावा म्हणून हा नियम मीच घातला होता, आणि वकिलाने विरोध केला तेव्हा त्याला धारेवर धरलं होतं. आता तो हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता. मुद्दे हवे तेवढे होते. त्याचेच उचलून दिले असते तरी चाललं असतं. पण ते माझं कारण नव्हतं, आणि खोटं कारण लिहून देणं माझ्याच्याने होईना.

"कारण आहे," मी म्हणाले. "सांगणार नाही."

"असं कसं लिहू?"

"कारण नोंदवलेलं नाही, असं लिहा."

वकील काहीतरी बोलणार होता. माझा चेहरा बघून त्याने चहा ओढून घेतला. त्याने एखादा मुद्दा सोडून दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मतं पडली, नियम बदलला. चाचणीतल्या उघड्या नोंदी पुसल्या गेल्या आणि माझा प्रोग्रॅमही मी टाकून दिला.

आमची इतिवृत्तं कुणालाही वाचता येतात. ती कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "तुमच्या सभेत तू कारण दिलं नाहीस म्हणे."

"तुला कोण म्हणालं?"

"वाचते मी. तुझं नाव असतं म्हणून वाचते. निम्मं कळत नाही." तिने कपातला चहा उगाचच ढवळला. "ते ब्लॉकचं होतं ना?"

"हो."

"आणि तुझ्याकडे कारण नव्हतं? तुझ्याकडे?"

"होतं. द्यावंसं वाटलं नाही."

तिने कप बाजूला ठेवला. मग आत गेली, चष्मा आणि फोन घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. फोन तिने स्वतःकडेच धरला होता.

"काल एक लिहिलंय," ती म्हणाली. "वाचून दाखवू?"

"दाखव."

ती वाचायला लागली. तीच रात्र, तोच वॉर्ड, वीज गेलेली. टॉर्च होताच, आणि आता तो एका हाताने तिनेच धरला होता. बाहेर वादळ आलं होतं, जे पूर्वी कधी नव्हतं. आणि त्या बाईला जुळं झालं होतं.

जुळं नव्हतं. एकच मुलगी होती, तिचं नाव आईच्या नावावरून ठेवलं होतं आणि नंतर ती बाई एकदा त्या पेढ्यासारख्या गोल लेकीला घेऊन आम्हाला भेटायलाही आली होती. मी स्वतः तिच्यासाठी दार उघडलं होतं.

"जुळं," आईने पुन्हा वाचलं, जरा हळू. मग ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागली.

"मग?" मी म्हणाले. "पुढे काय झालं?"

आईने चष्मा वर सरकवला आणि पुढचं वाचायला घेतलं.