सेंट जेनेव्हीव्हचा चढ

शिकागोजवळचं आमचं शॉमबर्ग पोळपाटासारखं सपाट आहे. इथे चढ हवा असेल तर ऑफिसच्या पार्किंग डेकचा रॅम्प गाठावा लागतो, आणि माझा नवरा श्रीरंग खरोखरच तिथे पळायला जायचा. दर शनिवारी पाच मजले वर, पाच मजले खाली. त्याच्या लॅपटॉपवर फ्रान्समधल्या पळायच्या रस्त्यांचे नकाशे साठवलेले होते. डोंगराळ मुलूख, द्राक्षांचे मळे, मधूनमधून जुनी दगडी गावं. एका गावातून पळत निघायचं आणि दुसऱ्या गावात जाऊन जेवायचं. गेल्या सप्टेंबरची तिकिटंही काढली होती. ऑगस्टमध्ये त्याला हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले आणि तिकिटं कॅन्सल झाली. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता.

मी स्वस्थ बसणारी बाई नाही. माहेरी मला 'आसावरी एक्सप्रेस' म्हणायचे, आणि ते कौतुकाने म्हणायचे असं मी बरीच वर्षं समजत होते. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाल्या, "आता हळूहळू पळायला हरकत नाही." त्यातलं 'हळूहळू' माझ्या कानावरून गेलं आणि 'पळायला' तेवढं डोक्यात बसलं. श्रीरंगच्या आधी मीच त्यांना थँक्यू म्हटलं. मला तो पळायला हवा होता. तो भाजी चिरताना जरा थांबला तरी मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावायचे. तो पूर्वीसारखा पळाला, की ते सगळं संपलं असं मला स्वतःला सांगता आलं असतं.

फ्रान्स लांब पडलं. मग मी शोधून काढलं की मिसुरीत, आमच्यापासून सहा तासांच्या ड्राइव्हवर, मिसिसिपीच्या काठी सेंट जेनेव्हीव्ह नावाचं फ्रेंचांनी अडीचशे वर्षांपूर्वी वसवलेलं गाव आहे. उभे ओंडके रोवून बांधलेली घरं, रुंद व्हरांडे, आणि गावाबाहेर टेकड्या आणि द्राक्षांचे मळे. मी स्वतः चार मैलांचा रस्ता आखला. टेकड्यांमधून निघायचं आणि गावातल्या चौकात संपवायचं. नकाशा प्रिंट करून लॅमिनेट केला. मग आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या साठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'श्रीरंग रिटर्न्स'. बाजारात तुरी म्हणतात तो प्रकार. टाळ्यांचे एवढे इमोजी आले की फोन गरम झाला. आमची मुलगी हिमानी सिॲटलहून म्हणाली, "आई, डिड यू ईव्हन आस्क हिम?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? त्याचंच स्वप्न आहे." श्रीरंग शनिवारचं पार्किंग डेकवर पळणं पुन्हा सुरू करून बसला होता. ओल्याचिंब टी-शर्टात घरी यायचा. आणखी कसला पुरावा हवा होता?

मे अखेरीस, मेमोरियल डेच्या वीकेंडला आम्ही गेलो. सेंट लुइसहून आमची जुनी मैत्रीण दीपा आणि तिचा नवरा अतुल तासाभरात आले होते. दीपाने औक्षणाचं ताम्हन आणलं होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं, शिवाय डबाभर वडे. श्रीरंग पळत चौकात शिरला की ती त्याला ओवाळणार, मी व्हिडिओ काढणार आणि ग्रुपवर टाकणार, असं ठरलं होतं.

सकाळी आठला मी त्याला टेकड्यांमध्ये, रस्ता सुरू होतो तिथे सोडलं. त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या. मग सोडून पुन्हा बांधल्या.

"आसा, तू पुढे जा," तो म्हणाला. "मागे गाडी असली की मला सुचत नाही."

दोन मैलांवर एक छोटं चर्च होतं. तिथे पाणी आणि संत्र्याच्या फोडी घेऊन उभं राहायचं असं ठरवून मी निघाले. कितीही सावकाश पळाला तरी तिथवर पंचवीस मिनिटं. मी फोन धरून उभी राहिले. अर्धा तास झाला. मग चाळीस मिनिटं. फोनला सिग्नल नव्हता. रस्त्यावरून एक पिकअप ट्रक आला, त्याच्या मागे काही नाही. माझी पाचावर धारण बसली. तू पाठवलंस, तू, तू, एवढंच डोक्यात घुमायला लागलं. त्या वळणावळणाच्या रस्त्यावरून गाडी कशी परत नेली ते मला आठवत नाही.

तो निघाल्या जागेपासून अर्ध्या मैलावरही नव्हता. पहिल्याच चढाच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणालगत पडलेल्या ओंडक्यावर बसला होता. पलीकडे चार गाई त्याच्याकडे बघत होत्या. मला बघून त्याने हात केला. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच रागही आला.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"नाही गं. पायात क्रॅम्प आला. तुला तीनदा फोन लावला, लागलाच नाही."

मी त्याला गाडीत बसवलं. तो घड्याळ बघून म्हणाला, "दीपा वाट बघत असेल. असं कर, गावाच्या अलीकडे मला सोड. शेवटचं थोडं मी पळत येतो. तुझा व्हिडिओ होईल."

असं म्हणून त्याने पाण्याची बाटली उघडली. एक घोट प्यायला. मग पाणी मानेमागे ओतलं. मग छातीवर, बरोबर मधोमध, आणि तळव्याने पसरवलं. मग दोन्ही काखांत थोडंथोडं, आणि शेवटी ओला हात कपाळावरून केसांत. सीटवर एक थेंब सांडला नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याला हे इतकं सफाईने जमत नाही.

मी किल्ली फिरवली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

त्याने बाटलीचं झाकण लावलं. "एप्रिलपासून," म्हणाला.

"एकदाही पळाला नाहीस?"

"एकदा. पहिल्या शनिवारी. एक मजला चढलो आणि धडधडायला लागलं. पळतोय म्हटल्यावर धडधडणारच, कळत होतं मला. पण वाटलं, झालं, संपलं. तिथेच बसलो, दोन गाड्यांच्या मध्ये. पुढच्या शनिवारपासून गाडीतूनच उतरलो नाही. पाऊण तास पॉडकास्ट ऐकायचो, मग बाटली."

घरात कपडे मी धुते. त्या टी-शर्टांना घामाचा वास येत नाही, म्हणून मी नव्या डिटर्जंटचं कौतुक केलं होतं. चार जणींना तो घ्यायलाही लावला होता.

"आणि मी साठ माणसांना सांगत सुटले!"

"साठ माणसांना मी सांगितलं नव्हतं, आसा."

तो आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"मला तरी सांगायचंस."

"ऑगस्टपासून तू हसली नव्हतीस. मी पळायला जातो म्हटलं आणि त्या दिवशी तू गुणगुणत पोळ्या केल्यास." तो ओला हात शॉर्ट्सला पुसत राहिला. "मग कसं सांगणार, यार?"

मी रडले. चांगली मोठ्याने रडले, गाईंनी माना वर केल्या. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. तू पळावंस हे तुझ्यासाठी नव्हतंच, माझी भीती जावी म्हणून मला ते हवं होतं. तू घाबरला आहेस हे मला दिसत नव्हतं असं नाही, मला बघायचं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आमच्या घरात अशी दोन माणसं होती आणि दोघंही एकमेकांसमोर घटाघट प्यायचं नाटक करत होती.

थोड्या वेळाने मी फोन बघितला. इथे सिग्नलची एक दांडी होती. दीपाला फोन लावला.

"दीपा, तो पळालेला नाही. पळणारही नाही."

"अगं, बरा आहे ना पण?"

"बरा आहे. आम्ही चालत येतोय. दोन तास तरी लागतील. अतुलला म्हणावं, नंतर आमची गाडी घ्यायला आम्हाला परत इकडे सोडावं लागेल."

"म्हणजे निरांजन आत्ता लावत नाही. आणि ऐक, भूक लागलीय यार, वडे खाऊ का आम्ही?"

"खा."

मग ग्रुपवर लिहिलं, 'श्रीरंग पळत नाहीये. त्याला न विचारता मीच जाहीर केलं होतं. चूक माझी.' पाठवलं आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. श्रीरंग माझ्या हालचाली बघत होता. "चालायचं?" मी विचारलं. खरंच विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिले.

"चालू," तो म्हणाला.

पहिल्या चढावर मधेच तो थांबला. चेहरा उतरला होता.

"सुरू झालं," म्हणाला.

मी त्याच्या छातीवर हात ठेवला. ओल्या टी-शर्टाखाली धडधडत होतं, जोरात पण एकसारखं. त्याचा हात घेऊन मी माझ्या छातीवर ठेवला. माझं त्याच्याहून जोरात चाललं होतं, मला तर अटॅकही आला नव्हता. तो जरासा हसला. आम्ही तसेच उभे राहिलो. दोघांचं शांत झाल्यावर पुढे निघालो. त्या एका चढावर असे चारदा थांबलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा समोर लांबवर गाव दिसत होतं. झाडांतून वर आलेलं चर्चचं टोक, उतरती छपरं, आणि पलीकडे नदीकाठची सपाट शेतं. तिथून रस्ता सरळ उताराचा होता, छान डांबरी, सावलीचा. पळणाऱ्या माणसाला याहून चांगला रस्ता मिळणार नाही. ते त्यालाही दिसलं असणार. तो थांबला, उताराकडे बघितलं, मग मी काय म्हणते म्हणून मान वळवून माझ्याकडे बघितलं.

'पळ' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला, आणि श्रीरंग पुढे निघाल्यावर तो जितक्या सावकाश चालत होता तितक्याच सावकाश त्याच्या शेजारून चालायला लागले.