एकाच जागची खूण

बाबांची दोन बोटं भिंतीवर चढत होती. आधी मधलं, मग तर्जनी, पुन्हा मधलं. पंख्याच्या बटणापाशी ती जरा घुटमळली, बटणांच्या पाटीला वळसा घालून पुढे निघाली आणि तिथून वीतभर वर जाऊन थबकली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"बस. आज इतकंच."

"मुंगी दमली," फरशीवर फतकल मारून बसलेल्या नातवाने जाहीर केलं.

सून पेन्सिल घेऊन शेजारीच उभी होती. बोटाच्या टोकाशी ती रोज एक बारीक रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. सगळ्यात खालची रेघ बाबांच्या छातीशी होती, अडीच महिन्यांपूर्वीची. तिथून रेघा शिडीसारख्या चढत आल्या होत्या, कधी बोटभर, कधी नखभर. पण गेले तीन आठवडे शिडी पुढे सरकलीच नव्हती. एकावर एक रेघा पडून कपाळाच्या उंचीवर काळा डाग झाला होता. तारखा लिहायला जागा उरली नव्हती.

"काल इथेच होतं," ती म्हणाली.

"म्हातारं हाड आहे. कुरकुरणारच." बाबांनी उजवा हात डाव्या हाताने अलगद खाली घेतला आणि पोटाशी धरला.

बाबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, शिडीवर उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून. शेवटी उजवा खांदा असा आखडला की भांग पाडता येईना, त्या कुशीवर झोपता येईना. मोठ्या मुलाच्या गावी उपचाराची धड सोय नव्हती. इथे घरापासून दोन गल्ल्यांवर फिजिओथेरपीचं केंद्र होतं, म्हणून ते धाकट्याकडे आले. आले त्या दिवशी सून म्हणाली होती, "हात बरा होईपर्यंत राहा बाबा. मग हवं तर जा." तिने ते आग्रह म्हणूनच म्हटलं होतं. त्या वाक्यात मुदतही होती, हे तिला फार उशिरा जाणवलं.

दाराशी नवरा बुटाची नाडी बांधत होता. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "दादाचा फोन होता. बाबांचं तिकीट कधीचं काढू म्हणतोय. काय सांगू?"

"फिजिओला विचारून सांगते."

"आणि पाळणाघराचं? एक तारखेला तुला रुजू व्हायचंय. आठ दिवस राहिलेत."

"आज फॉर्म भरून देणार आहे."

"बाबा असतील तोवर तरी..."

तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हे बोलणं आधी एकदा झालं होतं, महिन्यापूर्वी, झोपायच्या खोलीत. तेव्हा ती म्हणाली होती, "एका हाताने काय सांभाळणार ते? हा गॅलरीच्या कठड्याला लोंबकळला तर?" दार अर्धवट उघडं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नातवाला उचलून घेणं बंद केलं. डाव्या हातावर घेत असत, तेही. तिने ते पाहिलं होतं. ती सगळंच पाहायची. पोराचा ताप, शी, शिंका, कुठल्या दिवशी किती घास खाल्ले, सगळं एका वहीत टिपून ठेवायची. नवरा त्या वहीला पंचनामा म्हणायचा.

केंद्रात अकराची वेळ होती. फिजिओथेरपिस्ट पस्तिशीची, चपळ, केस वर बांधलेली बाई होती. बाबांना ती आजोबा म्हणायची आणि बाबा तिला मास्तरीणबाई.

"काय आजोबा, गृहपाठ केला?"

"केला की. लंबक केला, काठी केली, पंचा केला."

लंबक म्हणजे टेबलाला डावा हात टेकून वाकायचं, उजव्या हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून तो लोंबता सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. काठी दोन्ही हातांत धरून वर न्यायची. पंचा पाठीमागे दोन हातांत धरून न्हाणीतल्यासारखा वरखाली ओढायचा. पहिल्या आठवड्यात पंच्याच्या नावानेच बाबांना घाम फुटायचा.

गरम शेक झाल्यावर फिजिओने बाबांना उताणं झोपवलं, एक तळवा खांद्याखाली ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरून हात डोक्याकडे नेऊ लागली. बोलता बोलता, घाई न करता.

"सगळ्यात मोठी पाटी कुठली रंगवली होती, आजोबा?"

"चादरीच्या दुकानाची. बत्तीस फूट. अक्षरं माझ्याएवढी."

"मग मधे चूक झाली तर?"

"श्वास सोडला की चूक होते. रेघ संपेपर्यंत श्वास धरायचा, मग हात हलत नाही."

त्यांचा हात तोवर कानाच्या जवळ गेला होता. फिजिओने पारदर्शक पट्टीवजा कोनमापक खांद्याला लावला, आकडा वाचला आणि कागदावर लिहिला. मग त्यांना बसवून म्हणाली, "आता तुम्ही स्वतः उचला."

हात वर आला आणि कपाळाशी अडला. अगदी भिंतीवरच्या डागाएवढ्या उंचीवर.

बाबा बाहेर जाऊन नातवाला मासे दाखवू लागले. प्रतीक्षेच्या खोलीत काचेच्या पेटीत तीन लाल मासे होते. सून काचेच्या दारातून त्या दोघांकडे डोळ्यांत तेल घालून बघत आत थांबली.

"सुधारणा का थांबलीय?" तिने विचारलं. "काही वाढलंय का? एक्स-रे काढायचा का पुन्हा?"

"मी उचलते तेव्हा दीडशे अंशांच्या वर जातो. स्वतः उचलतात तेव्हा एकशे दहा."

"मग ताकद कमी पडतेय."

"ताकदही तपासली. ठीक आहे." फिजिओ कागद फाइलमध्ये लावत म्हणाली. "स्नायू खरंच अडतो तेव्हा थरथरतो, चेहरा वाकडा होतो, मान उचलली जाते. यांचा हात बसथांबा आल्यासारखा थांबतो. शांतपणे."

"म्हणजे?"

"म्हणजे सांध्यात मला काही सापडत नाही." ती जरा थांबली. "तुमच्याकडेच असतात का ते?"

"नाही. मोठ्या दिरांकडे. हात बरा होईपर्यंत आलेत."

"तिकडे कोण असतं दिवसभर?"

"कोणीच नाही. दीर-जाऊ नोकरीला, मुली कॉलेजात. बाबांकडे किल्ली असते."

फिजिओने मान हलवली. पुढच्या भेटीची तारीख लिहिताना तिने पेन जरा जास्त वेळ कागदावर टेकवून ठेवलं, इतकंच.

घरी येताना सुनेच्या मनात पाल चुकचुकत होती. दोरीवर वाळत घातलेला बाबांचा बनियन तिला आठवला. आले तेव्हा ते फक्त पुढून बटणं असलेले सदरे घालत, तेही नवऱ्याच्या मदतीने. बनियन डोक्यावरून चढवावा लागतो. दोरीवर बनियन केव्हापासून आहेत, हे तिच्या वहीत नव्हतं. पोराचं असतं तर असतं.

दुपारी ती पाळणाघरात फॉर्म द्यायला निघाली. पोराला बाबांजवळ ठेवून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण तिथे मुलाला सोबत आणलं की रडारड होते, एकट्याच या, असं त्यांनी बजावलं होतं. तासाभराचा प्रश्न होता. तिने गॅलरीचं दार लावलं, गॅस खालून बंद केला, औषधाचा डबा फ्रिजवर ठेवला आणि बाबांना तीनदा सांगितलं.

"जा गं," बाबा म्हणाले. "मी काय त्याला विकून खातोय?"

जिना उतरताना तिने एक फोन केला. कोपऱ्यावरून दुसरा. दुसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "तू फोन करत राहिलीस तर मला त्याच्याकडे बघायला डोळा कुठून उरणार?"

पाळणाघराच्या फाटकाशी तिच्या लक्षात आलं, पोराचा फोटो घरीच टेबलावर राहिला. ती उलट्या पावली परतली. पोरगं झोपलं असेल तर उठायला नको म्हणून बेल न वाजवता तिने किल्लीने दार उघडलं.

घर शांत होतं. ती चपला न काढताच आत गेली.

आतल्या खोलीचं दार निम्मं लोटलेलं होतं. फटीतून आधी तिला दिसलं ते स्टूल. पोरगं ज्याच्यावर चढायचं ते स्टूल कपाटाच्या माथ्यावर उलटं ठेवलेलं होतं. खिडकीखालची खुर्ची बाहेर काढलेली. टेबलाच्या टोकदार कोपऱ्याला जुना पंचा गुंडाळून सुतळीने बांधलेला. हा कोपरा तिच्याही ध्यानात आला नव्हता. गादी खाली ओढून भिंतीला लावली होती आणि तिच्यावर पोरगं मांडी घालून, तोंड उघडं टाकून वर बघत होतं.

बाबा भिंतीशी उभे होते. उजवा हात डोक्याच्याही वर, कोपरात जराही वाक नाही. हातात खडू. ते वरून खाली एक उभी रेघ ओढत होते, आणि रेघ संपेपर्यंत त्यांची पाठ हलली नाही. मग त्यांनी श्वास सोडला. भिंतीवर हातभर उंचीचा 'अ' उभा होता, दुकानाच्या पाटीवर शोभावा असा, कुठे जाड, कुठे निमुळता.

"अजून वर काढा," पोरगं म्हणालं.

"अजून वर गेलं तर तुझ्या आईला दिसेल."

"मग?"

"मग आजोबांचं तिकीट निघेल."

"कुठलं तिकीट?"

"हे घे फडकं. जिथे हात पोचतो तिथलं तू पूस, वरचं मी पुसतो."

सून मागे सरली. एकेक पाऊल टाकत दाराबाहेर गेली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. राग होता का? असायला हवा होता. तीन आठवडे ती रोज सकाळी पेन्सिल घेऊन उभी राहत होती, खांद्याच्या नावाने जागी राहत होती. तिने रागाची वाट पाहिली. त्याऐवजी तिच्या डोळ्यांसमोर टेबलाच्या कोपऱ्याला बांधलेला पंचा येत राहिला. सुतळीची गाठ दुहेरी होती. अशी गाठ एका हाताने बांधता येत नाही.

तिने मनात शंभरपर्यंत मोजलं. भिंत पुसायला तेवढा वेळ पुरे होता. मग उठून बेल वाजवली.

बाबांनी दार डाव्या हाताने उघडलं. उजवा पोटाशी होता. बाहीवर पांढरी भुकटी होती.

"लवकर आलीस?"

"फोटो विसरले होते."

"घे. काही त्रास नाही दिला हो त्याने."

फोटो टेबलावरच होता. तिने तो उचलला, जरा वेळ पाहिला आणि फॉर्मसकट खणात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं पुन्हा भिंतीवर चढली. पंख्याचं बटण, वळसा, वीतभर वर. थबकली.

"मुंगी दमली," पोरगं म्हणालं.

सुनेने डागावर आणखी एक रेघ मारली. पेन्सिल कानामागे खोचली.

"बाबा, तुमच्या मास्तरीणबाईंनी मला एक सांगितलंय." सांगताना तिने नजर भिंतीवरच ठेवली. "नुसत्या व्यायामाचा कंटाळा येतो म्हणे. हातात आवडीचं काम हवं. आतल्या खोलीतल्या भिंतीवर याच्यासाठी मुळाक्षरं काढाल?"

बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"रंगाने. मोठी, पाटीवरच्यासारखी. पण रोज एकच. जास्त ताण द्यायचा नाही."

"अठ्ठेचाळीस होतील," बाबा सावकाश म्हणाले. "दीड महिना."

"मग बाराखडी आहे."

"ती संपेस्तोवर हा शाळेत जायला लागेल."

"जाऊ दे ना." तिने पेन्सिल काढली, परत खोचली. "एक तारखेपासून मी साडेनऊला निघेन. याचं दूध अकराला. फार गरम नको, मनगटावर थेंब टाकून बघा. वही इथे आहे, किती प्यायला ते लिहायचं. आणि मी फोन करीन. चार वेळा तरी."

"उचलीन," बाबा म्हणाले.

"दादांना मी सांगते, वेळ लागेल म्हणून."

बाबांनी भिंतीवरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांनी तोंड उघडलं. ती झटकन वाकली आणि पोराच्या तोंडातून पेन्सिलीचं रबर काढू लागली. तिथे ते नव्हतंच.

"पहिलं अक्षर आजच काढा," तशीच खाली बघत ती म्हणाली. "वरच्या ओळीपासून. स्टूल काढून देऊ का?"

 बाबांनी पोटाशी धरलेला हात सोडला. तो बाजूला सरळ लोंबला, कुणाच्याही हातासारखा.

"नको," ते म्हणाले. "स्टूल कपाटावरच राहू दे. पोरगं चढतं."