तिची पहिली वेलांटी

“काका, पान परत पाठवतेय,” फोनवर तपासनीस बाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा.”

“चूक दाखवा.”

“चूक नाही, हीच तर भानगड आहे. सगळं शुद्ध आहे.”

छत्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी संगणकावर उतरवण्याचं बिनपगारी काम घेतलं. आपली माणसं शोधणाऱ्यांना त्या सापडाव्यात, एवढाच हेतू. नियमही एकच: दिसेल तसं लिहा.

नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाचा मात्र ऱ्हस्व-दीर्घाशी उभा दावा. मी त्याला मदत केली.

(‘मदत केली’ऐवजी वाचावे: त्याच्या दोनशे बारा नोंदी बिघडवल्या.)

“आईनं सांगितलं तसं त्यानं लिहिलं,” बाई म्हणाल्या. त्या पूर्वी प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. घाई त्यांना ठाऊकच नव्हती. “घरात तेच चालत आलं. उद्या पणतू तेच शोधणार. तुमच्या शुद्ध नावाखाली त्याला कोण भेटणार? व्याकरण?”

•

दुपारभर एकेक नाव परत अशुद्ध करत बसलो. हात ऐकेना. शेजारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“काय चाललंय?”

“दुरुस्त्या मागे घेतोय.”

“तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?” ती हसली. मग घडी अर्धवट ठेवून म्हणाली, “माझी पण मागे घ्याल?”

मला कळेना.

(वाचावे: लगेच कळलं.)

लग्नाच्या नोंदणीचा अर्ज. तिच्या वडिलांनी तिच्या नावाच्या शेवटी पहिली वेलांटी दिली होती. चारचौघांत पेन काढून मी ती दुसरी केली. शब्दाच्या शेवटी दीर्घच, असा नियम सांगितला. सासरे हसले होते, एवढंच माझ्या लक्षात.

“बाबा शाळेत गेले नव्हते,” ती म्हणाली. “मी झाले तेव्हा दोनच गोष्टी लिहायला शिकले. स्वतःची सही आणि माझं नाव. त्या दिवसानंतर त्यांनी माझं नाव कधी लिहिलं नाही. म्हणायचे, जावईबापूंकडून लिहून घे.”

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुमचं बरोबरच होतं ना. बरोबर माणसाशी भांडणार कसं?”

•

कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसानं बायकोच्या नावबदलाचा अर्ज वाचला. “एका वेलांटीसाठी? अहो, लोक अख्खी आडनावं बदलतात.”

“आमचं घर काटकसरीचं,” बायको म्हणाली.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: वडिलांनी असेच लिहिले होते. लिहिताना त्या कारकुनाची आठवण झाली. ना ओळख ना पाळख, शंभर वर्षांचं अंतर. पण ऐकलं तसं लिहायला मला त्यानंच शिकवलं. फार उशिरा, तरी ती शेजारी उभी असताना. हे उपकार थोडे नाहीत.

मग तिची सही. सवयीनं नावाचं शेवटचं अक्षर आधी आलं आणि वेलांटीला जागाच उरली नाही. तिनं ती दोन अक्षरांच्या फटीत कशीबशी बसवली. शाई जरा पसरली.

“आजी, नीट करून देता का?” खिडकीतून प्रश्न आला.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे ते,” मी म्हणालो.