सोयरातले कलदार

रोहिणखेडापासून कोसभर आत एक वाडी आहे. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या गाडीला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी वाडीच्या चिंचेखाली एवढी माणसं जमली होती, की वरच्या वानरांना खाली उतरायला जागा नव्हती, आणि उतरलेलं एक वानर म्हणे संध्याकाळपर्यंत कुणाचातरी पाहुणा म्हणून पंगतीत बसलं होतं. खोटं वाटत असेल तर त्या वानराला विचारा. पण गर्दी खरी होती, कारण चिंचेखाली चांदी विणार होती!

तीन दिवसांपूर्वी साऱ्या वाडीनं भिंतीत, चुलीमागं, गोठ्यात पुरलेले राजाछाप कलदार, म्हणजे चांदीचे रुपये, उकरून, एकाचे दोन करून देतो म्हणत आलेल्या चांदीबाबाच्या माठात ओतले होते. माठ खड्ड्यात, खड्ड्यावर जाडजूड गादी, गादीवर बाबा. भोवती कनात. खुडूक कोंबडीसारखा बाबा तीन दिवस तिथून हलला नव्हता.

"केवढी तपश्चर्या!" लोक म्हणाले.

"मूळव्याध असंन," झुंबरबाई माळीण म्हणाली.

झुंबरबाईनं वीस वर्षं मलकापूरच्या बाजारात वांगी विकली होती. आलेला रुपया दगडावर खणखण वाजवल्याशिवाय पदराच्या गाठीत जायचा नाही, हा तिचा नेम. पण तिचा नवरा कडूबा तिला न विचारताच घरातले चाळीस कलदार माठात टाकून आला होता. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. भाकरी मात्र थापत होती, जरा जास्तच जोरानं.

शेवटी बाबानं कनात सारली. माठ बाहेर आला. गळ्यापर्यंत भरलेला!

"लक्ष्मी बाळंत झाली, बच्चा! एकाचे दोन झाले!" बाबा ओरडला. "पण सोयर पाळा. बारा दिवस वाजवू नका, बाळ दचकते. तोलू नका, दृष्ट लागते. आगीजवळ नेऊ नका, अंग कोवळं आहे. बाराव्या दिवशी बारसं करा, मग खुशाल खर्चा."

वाडीला हे लगेच पटलं. तान्ह्या लेकराला तिथं कुणी काट्यावर घालत नसे, मग तान्ह्या रुपयाला कोण घालणार? एरवी दोन पैशांची सुपारी घेताना दुकानदाराचं डोकं खाणारी माणसं रुपये कापडात गुंडाळून, उराशी धरून, पाय न वाजवता घरी निघाली. बाबाचा चेला तेवढा मागं बैलगाडी जुंपत होता.

कडूबाची पाळी आली. त्यानं ऐंशी रुपये धोतराच्या सोग्यात घेतले. सोगा जुना. टर्रकन फाटला आणि एक रुपया धुण्याच्या काळ्या दगडावर पडला.

बद्द.

"मारलं!" बाबा किंचाळला. "यानं बाळ मारलं! आता साऱ्यांची लक्ष्मी मरणार. ज्या हातानं पाडलं, तो हात तुटल्याशिवाय ती शांत व्हायची नाही!"

पहिला ठोसा रंगरावचा. कालच हा कडूबाच्या घरी वांग्याची भाजी चाटूनपुसून खाऊन गेला होता. कडूबाचा पुढचा दात रक्तासकट बाहेर उडाला. मग काठ्या पडल्या. कुणी पाठीवर, कुणी नडग्यांवर. एकानं तोंडावर लाथ घातली आणि कडूबाचा डावा डोळा पिकल्या टमाट्यासारखा सुजून मिटला. चौघांनी त्याला फरफटत नेऊन त्याचा उजवा हात त्याच काळ्या दगडावर दाबून धरला. हिंमतराव पाटलानं कुऱ्हाड मागवली.

"पाटील, लेकरं हायेत हो मले!" कडूबा रडत होता.

"आमचे रुपये बी लेकरंच हायेत बे!" पाटील ओरडला.

झुंबरबाईला दोन बायांनी झिंज्या धरून मागं ओढलं होतं. पण तिच्या कानात गर्दीचा आवाज नव्हताच. तिथं अजून तेच वाजत होतं. बद्द. वीस वर्षांत हा आवाज तिनं तीनदा ऐकला होता, आणि तिन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या मागं जोडा घेऊन पळाली होती.

तिनं एकीच्या हाताला कडाडून चावा घेतला, मुसंडी मारली आणि कुऱ्हाडीखाली नवऱ्याच्या हातावर आडवी पडली.

"पाटील, आंधी मले तोडा. पण त्याच्या पह्यले दोन रुपये वाजवू द्या!"

कुऱ्हाड वरच थबकली. तिनं पदराची गाठ सोडून बाजारातला आपला रुपया दगडावर टाकला. खण्ण! घंटेसारखा लांबवर घुमला. मग बाबाचा टाकला. बद्द.

"बच्ची, बाळाला अजून आवाज फुटला नाही," बाबा हसला. लोकांनी माना डोलावल्या.

झुंबरबाईनं जवळच पडलेल्या आपल्या बाजाराच्या टोपलीतला तराजू काढला. एका पारड्यात आपला रुपया, दुसऱ्यात बाबाचा. बाबाचा टुणकन वर.

"बाळ आईपेक्षा हलकंच असणार!"

"हाव, बराबर हाय!" रंगराव ओरडला. "घाल घाव, पाटील!"

झुंबरबाई उठली. बाबाच्या जेवणासाठी वडे तळणं चाललं होतं, त्या चुलीवरची लोखंडी पळी तिनं उचलली आणि बाबाचा रुपया तिच्यात टाकला.

"अरे, बाळाला आगीत घालतं का कोणी? रोको इसको!" बाबाचा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"घाबरता काऊन, बाबा? मायले बी संगंच घालते!" आणि तिनं आपलाही रुपया पळीत टाकून पळी निखाऱ्यांवर धरली.

सगळे वाकले. बाबाच्या रुपयावरचा राजा आधी घामेजला, मग त्याचं नाक वाहिलं, मग दाढी, मग मुकुट, आणि मुंग्यांनी पोहावं असं एक पांढुरकं डबकं पळीत डुलू लागलं. त्या डबक्यात झुंबरबाईचा रुपया मात्र राजासकट घट्ट बसून होता.

"कथील अन् शिसं," ती म्हणाली. "तुमचे सारे रुपये पाहा. साऱ्या राजांच्या कानाखाली एकच ओरखडा हाय. एकाच साच्यातले हायेत ते. वाजवू नका, तोलू नका, आगीत नेऊ नका! चोरानंच सांगतलं ना, मले कुठं कुठं पाहू नका म्हून?"

तिकडे चेला बाबाची गादी घाईघाईनं बैलगाडीत चढवत होता. पाटलाची कुऱ्हाड खाली आली, पण त्या गादीवर. गादी उसवली आणि खळखळ, खणखण वाडीचे खरे कलदार बाहेर सांडले. कनातीआड बाबानं खरे रुपये गादीत भरले होते, आणि साच्यात ओतून आणलेले खोटे माठात. गादीवरून तो का हलला नव्हता, ते तेव्हा कळलं. मूळव्याध नव्हती.

आता बाबाचा हात काळ्या दगडावर आला. कुऱ्हाड या वेळी रंगरावनं घेतली.

"ठेव ते खाली," झुंबरबाई म्हणाली. "त्यानं चोरी केली, तो जेलात जाईन. पण माह्या नवऱ्याचा दात त्यानं नाही पाडला, रंगराव. तुमी पाडला."

रंगरावनं कुऱ्हाड खाली ठेवली. बाबा आणि चेला त्यांच्याच बैलगाडीत बांधले गेले, ते थेट पोलीस ठाण्यात.

बाबांनो, माझ्या गोष्टीतलं वानर हवं तर खोटं धरा, पण एवढं खरं धरा. ज्या दगडावर माणसाचा हात तोडायला निघालात, त्याच दगडावर रुपया वाजवायला एक क्षण लागतो. रुपया वाजवा, तसा शब्दही वाजवून घ्या. आणि कुणी म्हणालं की वाजवू नका, तर दोनदा वाजवा.

वाडीला तिचे सगळे कलदार परत मिळाले. कडूबाचा दात तेवढा कुणाला सापडला नाही.