सत्ताविसावा भाग

मी शाहपुरातल्या केळीच्या बागेत खांबाला तारेनं आवळलेला स्पीकर बोलतोय. कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. हे तुम्हाला सांगतोय ते मनातल्या मनात. एकदा, फक्त एकदा, आपणहून बोलता आलं असतं तर हे रडगाणं गायची वेळ आली नसती.

मला बुऱ्हाणपूरहून आणलं प्रतिभानं. तिचे सासरे भाईदास यांची दृष्टी गेलेली, फुप्फुसंही थकलेली. खाटेशेजारी हवेचं सिलेंडर, नाकात नळी. पुस्तकाचा नाद मात्र सुटेना. म्हणून तिनं माझ्या पोटात एक कार्ड घातलं. त्यात दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशी विज्ञानसाहसांच्या कादंबऱ्या होत्या, मराठीत वाचलेल्या.

त्यातली एक भाईदासांना फार भावली. तीन शास्त्रज्ञ, एक म्हातारा नि दोन तरणे, लोखंडी गोळ्यात बसून समुद्राच्या तळाशी जातात आणि वरची साखळी तुटते. एकूण भाग सत्तावीस. आमचे म्हातारबुवा त्या शास्त्रज्ञांशी भांडायचे. "आरे, आधी कंदील सोडाले पाहिजे होता!" जन्मभर आधी कंदील सोडून मगच विहिरींत उतरलेला माणूस, खालची हवा कशी दगा देते ते त्यांना विचारावं. असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

प्रतिभा रोज एकच भाग लावायची, कारण जास्त ऐकलं की त्यांना धाप लागायची. सव्वीस भाग झाले. गोळ्यात तासाभराची हवा उरली होती.

दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्यानं, धर्मेंद्रनं मला उचललं. बागेत माकडं घुसली होती. गाण्यांना ती सरावतात, माणसाच्या बोलण्याला बिचकतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

"एकच भाग राहिला हो," प्रतिभा म्हणाली.

"घड लुट जाएंगे तब सुनाओगी क्या?"

दोन दिवसांनी तिची आई आजारी पडली म्हणून ती देडतलाईला माहेरी गेली. मी दिवसभर केळींना कथा सांगायचो. संध्याकाळी धर्मेंद्र मला खाटेपाशी चार्जिंगला लावायचा. भाईदासांचा हात चाचपडत माझ्याकडे येऊ लागला, तेव्हा बॅटरी उतरेल म्हणून त्यानं मला वरच्या फळीवर ठेवलं.

एका दुपारी तो बागेतून मला घेऊनच मोटरसायकलवरून सिलेंडर आणायला गेला होता. आठवड्यातली दुसरी खेप. इकडे केळीची गाडी भरायची खोळंबलेली. घामानं निथळत आत आला, मला फळीवर आदळलं.

"धरमा, गोळ्यातल्या त्याईचं काय झालं रे?" भाईदासांनी विचारलं. त्या दिवशी पाचव्यांदा.

"मेले."

"तिघंबी?"

"पहले म्हातारा. दोघाईनं त्याले बाहेर ढकललं. त्याच्यापायी हवा खतम होत होती ना."

भाईदासांनी नाकातली नळी चाचपली. मग म्हणाले, "बराबर केलं त्याईनं."

धर्मेंद्र जेवायला बसला. अरे खोटारड्या! सत्ताविसावा भाग माझ्या पोटात होता. त्यात ते दोघे तरणे आपल्या वाट्याची हवा म्हाताऱ्याला देतात आणि तिघंही जिवंत वर येतात. माझा जीव तुटत होता, पण बटण कोण दाबणार?

त्या दिवसापासून भाईदासांनी नळी नाकात राहू दिली नाही. मुलगा लावायचा, ते काढून टाकायचे. चौथ्या दिवशी ते गेले. त्यांना बुऱ्हाणपूरला नदीकाठच्या राजघाटावर नेलं.

प्रतिभा धावतपळत आली. रडं ओसरल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "बाबांनी शेवट ऐकला का हो?"

"हाँ, ऐकला," तो म्हणाला. ती म्हणाली, "बरं झालं. त्यातच जीव अडकला होता त्यांचा."

माकडं आता मला भीत नाहीत. माझ्या डोक्यावर बसून केळी सोलतात. रोज दुपारी सत्ताविसावा भाग लागतो आणि तिघंही रोज जिवंत वर येतात. वाटेनं जाणारे लोक माकडांवर दगड भिरकावतात. दादांनो, त्या मुक्या जिवांना कशाला मारता? नेम धरून मला मारा.