ऐकू न येण्याला काय म्हणतात

कॉलेजच्या ग्रंथालयात बाईंची एकोणतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला उरलेले आठ महिने त्या नुसते ढकलत होत्या. रोज कुणीतरी येऊन तेच रडगाणं गायचं, "मॅडम, माझ्या विषयावर काहीच मिळत नाही."

त्या दुपारीही असंच म्हणत एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. शेवटच्या वर्षाची, समाजकार्य शिकणारी. चेहरा पार उतरलेला. तिचा विषय होता छापखान्यातल्या कामगारांचं आरोग्य. सरांनी तिची टिपणं दोनदा परत पाठवली होती आणि तिसऱ्यांदा वर फक्त 'संदर्भ कुठे आहेत?' एवढंच लिहून दिलं होतं.

"काय टाकून शोधलंस?" बाईंनी विचारलं.

मुलीने लॅपटॉपची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शोधायच्या चौकटीत अख्खं वाक्य होतं : छापखान्यात काम करणाऱ्या लोकांना नंतर ऐकू कमी का येतं आणि त्यावर काय करता येईल. खाली कानात घालायच्या तेलाच्या जाहिराती आणि तीन-चार छापखान्यांचे पत्ते.

बाईंनी सुस्कारा सोडला. हेच त्यांनी आजवर किती जणांना समजावलं होतं, त्याला गणती नव्हती. तरी त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"हे यंत्र म्हणजे काही तुझी मावशी नव्हे, अर्ध्या बोलण्यातून समजून घ्यायला. ते शब्दाला शब्द जुळवतं. यातलं का, आणि, त्यावर हे सगळं काढून टाक. काय उरलं?"

"छापखाना. कामगार. ऐकू कमी येणं."

"कशामुळे कमी येतं?"

"वयामुळे?"

"वयामुळे कमी येत असेल तर छापखाना कशाला हवा? शिंप्यांवर केला असतास प्रोजेक्ट."

"आवाजामुळे. यंत्रांच्या."

"मग तोच शब्द तुझ्या वाक्यात नाही."

बाईंनी कागदावर रकाने आखले आणि प्रत्येक शब्दाखाली त्याची दुसरी नावं लिहायला लावली. छापखान्याखाली मुद्रणालय, प्रेस. आवाजाखाली गोंगाट, ध्वनिप्रदूषण. ऐकू कमी येण्याखाली बहिरेपणा, श्रवणदोष. "आपण घरात जे म्हणतो ते अभ्यासक लिहीत नाहीत. त्यांच्या भाषेत हाक मारली तरच ते ओ देतात."

ध्वनिप्रदूषण टाकल्यावर रस्त्यावरच्या भोंग्यांचे लेख आले, म्हणून तो शब्द खोडला. बहिरेपणाने पुन्हा तेलाच्या बाटल्या आल्या, तोही गेला. 'श्रवणदोष' आणि 'कामगार' एकत्र टाकल्यावर मात्र एक धड लेख सापडला. बाईंनी त्याच्या सारांशाखाली बोट ठेवलं. तिथे लेखकाने स्वतःच आपले शोधशब्द देऊन ठेवले होते.

"एक चांगला लेख मिळाला की त्याचेच शब्द उचलायचे आणि पुन्हा शोधायचं. त्यात लाज कसली?"

मुलीने 'व्यावसायिक श्रवणऱ्हास' उचलला, त्याला 'मुद्रणालय' जोडलं. अकरा लेख आले. मान टाकलेलं रोप एकदम सावरावं तशी ती ताठ झाली आणि त्यातल्या एकाचा सारांश मोठ्याने वाचू लागली.

"सतत गोंगाटात काम केल्यावर आधी उंच पट्टीतले आवाज हरवतात. खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज बरीच वर्षं कळतो. बायकांचं, मुलांचं बोलणं कानावर पडतं, पण शब्द लागत नाहीत. त्यामुळे घरच्यांना वाटतं की माणूस मुद्दाम लक्ष देत नाही."

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या.

मुलीने पुन्हा वाचलं. बाईंचे मिस्टर एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या छपाईयंत्रावर होते. भावाशी फोनवर तासभर बोलत, पण बायकोने काही सांगितलं की नुसती मान हलवत आणि नंतर नेमकं तेच विसरत. "सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं तुम्हाला," हे बाईंचं ठरलेलं वाक्य होतं. गेली दोन वर्षं तर त्यांनी तेही सोडून दिलं होतं. जेवायला या, औषध घ्या, दार लावा. बाकी काही सांगायचं म्हटलं की जिवावर यायचं.

"मॅडम, हा लेख चालेल ना?"

"चालेल. लेखकाचं नाव, वर्ष, सगळं टिपून ठेव. नाहीतर उद्या पुन्हा शोधत बसशील."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा मिस्टर मटार सोलत बसले होते. एरवी त्या आत जाता जाता पाठमोऱ्याच बोलत. आज पर्स बाजूला ठेवून त्यांच्या समोर बसल्या आणि आवाज खाली आणून सावकाश म्हणाल्या, "अहो, माझं बोलणं तुम्हाला कळतं का?"

ते त्यांच्या ओठांकडे बघत होते. हे बाईंनी आजच पाहिलं.

"आत्ता कळलं."

"आणि एरवी?"

"एरवी तू बोलतेयस हे कळतं. काय ते नाही." त्यांनी एक शेंग सोलून संपवली. "आधी परत विचारायचो. तू वैतागायचीस. मग मान हलवायला लागलो."

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? भावाचं सगळं ऐकू येतं आणि बायकोचं नाही? मलाच वाटायचं, आपलंच लक्ष नसेल."

बाईंना रडू आलं नाही, तेवढं त्राणच नव्हतं. इतकी वर्षं उराशी धरलेला राग खाली ठेवायचा, तर कुठे ठेवावा तेही सुचेना. त्यांनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात कान तपासून झाले. गेलेलं परत यायचं नाही, कानाच्या यंत्राने थोडा फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र आलं, आणि भांडी फार आपटतात अशी मिस्टरांची तक्रार सुरू झाली. मुलीची टिपणं सरांनी चौथ्या खेपेला ठेवून घेतली.

बाईंचं दमणं काही संपलं नाही. समोर बसून सावकाश बोलायचं हेही कष्टाचंच काम. कधी कधी कंटाळून त्या गप्प राहत. मग मिस्टरच विचारत, "काय झालं आज?" आणि त्या सांगत, निम्मं एकदा, निम्मं दोनदा.